सहाबारीची माया

घरोघरी एखादी तरी वस्तू अशी असते, की तिचा उपयोग कधीच संपलेला असतो, पण ती मोडीत घाला असे म्हणायची कोणाची छाती होत नाही. कुठे आजोबांचा अडकित्ता असतो, कुठे पणजीबाईंचा कुंकवाचा करंडा, कुठे चावी हरवलेले खिशातले घड्याळ. बाजारात नेले तर मोडीचा भाव यायचा. घरात मात्र त्याच वस्तूवरून भावाभावांत अबोला धरला जातो. अशा वस्तूंविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती वस्तू जरा वेगळ्या जातीची आहे. ती म्हणजे रिव्हॉल्व्हर, आपल्या खेड्यातल्या भाषेत सहाबारी पिस्तूल.

तुम्ही म्हणाल, हा मास्तर माणूस, कॉलेजात पोरांना इतिहास शिकवतो, याला पिस्तुलाची कसली गोडी? खरे सांगायचे तर पिस्तुलापेक्षा मला गोडी आहे ती त्याला जीव लावणाऱ्या माणसाची. अडकित्त्यावर जीव जडला तर नवल नाही; त्याने आयुष्यभर सुपारीच कातरलेली असते. पण जी वस्तू मुळात माणूस मारण्यासाठी घडवली, तिच्यावरही माणसाची माया बसते. वीस-वीस, तीस-तीस वर्षे तो तिला पुसतो, तेलपाणी करतो, प्रवासाला निघताना आधी तिची सोय लावतो. ही माया येते कुठून, आणि तिचे पुढे काय होते, हा आजच्या बोलण्याचा विषय.

रिव्हॉल्व्हर आणि नुसते पिस्तूल यांत फरक आहे, तो आधीच सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्रे दोन्हींना सरसकट पिस्तूलच म्हणतात. रिव्हॉल्व्हरला मधोमध एक फिरते चाक असते. त्याला बहुधा सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे ओढला की चाक एक घर पुढे सरकते आणि नवे काडतूस नळीच्या मागच्या तोंडाशी येऊन बसते. ही करामत नीट जमवून आणली ती सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन माणसाने. त्याचे अमेरिकेतले पेटंट १८३६ सालचे. आणि गंमत अशी, की या गोष्टीचा एक धागा आपल्या कलकत्त्यापर्यंत येऊन पोचतो. १८३० साली हा कोल्ट सोळा वर्षांचा पोरगा होता आणि ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी होऊन कलकत्त्याच्या सफरीला निघाला होता. त्या सफरीत त्याने लाकूड तासून फिरत्या चाकाचा नमुना केला, असे सांगतात. कोणी म्हणतो, जहाजाच्या सुकाणूचे चाक पाहून त्याला ही युक्ती सुचली. कोणी म्हणतो, नांगर ओढायचा रहाट पाहून. आपल्याकडे हजारो माणसांनी विहिरीवर बसून रहाट पाहिला, पण कोणाच्या डोक्यात पिस्तूल आले नाही. हे आपले भाग्य की दुर्भाग्य, ते तुम्ही ठरवा.

या कोल्टच्या कारखान्याने पुढे १८७३ साली .४५ बोअरचे एक रिव्हॉल्व्हर काढले. अमेरिकन चित्रपटांत घोडेस्वार कमरेला लटकवून हिंडतात ते हेच. कोल्ट स्वतः तोवर वारला होता. हे हत्यार भक्कम, पण त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवा; पुढच्या हकिगतीत त्या कामाला येतील. पहिली, त्यात काडतुसे एकेक करूनच भरावी लागतात आणि रिकामी टोपणेही एकेक करूनच ढकलून काढावी लागतात. दुसरी, त्याचा घोडा खाली बसलेला असला की त्याचे टोक थेट काडतुसावर टेकते. हत्यार हातातून निसटून दगडावर पडले तर आपोआप बार उडायचा. म्हणून शहाणी माणसे सहापैकी पाचच घरे भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. नावाला सहाबारी, कामाला पाचबारी.

आता १९१६ सालात चला. मेक्सिकोतला बंडखोर पुढारी पांचो व्हिया याच्या माणसांनी मार्च महिन्यात सरहद्द ओलांडून अमेरिकेतल्या कोलंबस या गावावर छापा घातला. त्याच्या पाठलागावर अमेरिकेने जनरल पर्शिंग याला फौज देऊन मेक्सिकोत धाडले. त्या फौजेत तीस वर्षांचा एक लेफ्टनंट होता, जॉर्ज पॅटन. दुसऱ्या महायुद्धात ज्याचे नाव गाजले तोच हा. मोहिमेवर निघायच्या सुमारास त्याने एल पासो शहरात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर विकत घेतले. चांदीचा मुलामा दिलेले, वर नक्षी कोरलेले, आणि मुठीला हस्तिदंत. त्या हस्तिदंतावर आपल्या नावाची अद्याक्षरे घातलेली.

मे महिन्याच्या १४ तारखेला या लेफ्टनंटाला वरिष्ठांनी कामगिरी सांगितली ती लढाईची नव्हे, मका विकत आणायची. फौजेला दाणागोटा हवा होता. तीन मोटारी आणि थोडे शिपाई घेऊन तो गावोगाव मक्याचा सौदा करीत हिंडला. हिंडता हिंडता त्याला संशय आला, की व्हियाचा एक सरदार हूलिओ कार्देनास जवळच्या वाडीत उतरला असावा. मोटारी त्याने तिकडे वळवल्या. वाडीच्या दारातून तीन घोडेस्वार बाहेर पडले आणि गोळ्या सुटल्या. पॅटनचे पाच बार बघता बघता संपले. मग भिंतीच्या आडोशाला उभे राहून, वरून मातीचे ढेपळे उडत असताना, एकेक काडतूस चिमटीत धरून भरायची पाळी आली. भरताना बोटे कशी थरथरली असतील, ते ज्याने घाईत कधी कंदिलाची वात सारखी केली असेल त्याला कळेल. चकमकीत कार्देनाससह तिघे ठार झाले. त्यांची प्रेते मोटारींच्या पुढच्या पत्र्यावर बांधून पॅटन छावणीत परतला. आणि त्या हस्तिदंती मुठीवर त्याने दोन खाचा पाडल्या.

त्या दोन खाचा मला खुपतात. रतिबाच्या दुधाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवावा, तसा माणसांचा हिशेब मुठीवर ठेवायचा? पण पॅटनच्या बाजूनेही एक बोलले पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच तो मरणाच्या इतक्या जवळ गेला होता, आणि त्या वेळी त्याच्या हातात ही एकच वस्तू होती. हिच्यामुळे आपण वाचलो, असे एकदा मनाने घेतले की ते बाहेर पडत नाही. शेतकऱ्याला पुरातून काढणारा बैल म्हातारा झाला तरी तो बाजार दाखवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

गंमत पुढेच आहे. पाच बारांत भागत नाही हे ध्यानात राहिलेल्या या माणसाने एकोणीस वर्षांनी, १९३५ साली, स्मिथ अँड वेसन कंपनीचे दुसरे, अधिक दमदार रिव्हॉल्व्हर घेतले. म्हणजे नवे, चांगले हत्यार घरात आले. तरी जुने काही कमरेवरून उतरले नाही. उत्तर आफ्रिका, सिसिली, फ्रान्स, सगळीकडे ते त्याच्या बरोबर होते. तोवर तो सेनापती झाला होता आणि सेनापतीला आपल्या हाताने गोळी झाडायची पाळी सहसा येत नाही. लढाई आता रणगाड्यांची होती. पण शिपाई लांबून ती पांढरी मूठ पाहत आणि म्हणत, आला म्हातारा! कोणी त्या मुठीला मोत्याच्या शिंपल्याची म्हटले तर तो चिडून सांगे, की ती हस्तिदंताची आहे. रिव्हॉल्व्हर सेनापतीचे की सेनापती रिव्हॉल्व्हरचा, असे अखेरीस झाले होते. १९४५ च्या डिसेंबरात मोटार अपघातानंतर तो जर्मनीत वारला. एकोणतीस वर्षे ती वस्तू त्याच्याजवळ होती. आज ती केंटकी राज्यात, फोर्ट नॉक्स इथल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. मक्याच्या दिवसाच्या खाचांसह.

पॅटनची माया ही स्वतःच्या पराक्रमाची माया झाली. दुसरी एक माया असते, ती वस्तूबरोबर दुसऱ्याकडून येते. तिची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. ही गोष्ट थिओडोर रूझवेल्ट याची. अमेरिकेत रूझवेल्ट नावाचे दोन अध्यक्ष झाले; हा त्यांतला पहिला.

१८९८ साली क्यूबा बेट स्पेनच्या ताब्यात होते. त्या वर्षी १५ फेब्रुवारीच्या रात्री हवाना बंदरात उभ्या असलेल्या ‘मेन’ नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवर प्रचंड स्फोट झाला आणि नौका बुडाली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक झोपेतच होती. स्फोट कशाने झाला यावर पुढे कितीक वर्षे वाद होत राहिला. पण लोकांनी वाट पाहिली नाही. स्पेनविरुद्ध युद्ध पेटले. बुडालेल्या नौकेतून पाणबुड्यांनी ज्या चीजवस्तू वर काढल्या, त्यांत कोल्टचे .३८ बोअरचे एक रिव्हॉल्व्हर होते. रूझवेल्टची थोरली बहीण ज्या नौदल अधिकाऱ्याला दिली होती त्या विल्यम काउल्स यांच्या हाती ते आले, आणि त्यांनी ते आपल्या मेहुण्याला दिले. रूझवेल्ट तेव्हा नौदल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता. ती खुर्ची सोडून तो स्वयंसेवक घोडदळात लेफ्टनंट कर्नल होऊन लढायला निघाला होता.

विचार करा, केवढी विलक्षण भेट! पाण्यातून काढलेले हत्यार. ते मुळात कोणत्या खलाशाने की अधिकाऱ्याने हाताळले, तो जगला की बुडाला, कोणाला माहीत? आपल्याकडे भाऊबीजेला बहिणीच्या घरून जे येते त्यात प्रेम असते. इथे बहिणीच्या घरून आले त्यात प्रेम होते आणि अडीचशे प्रेतांची आठवणही होती. १ जुलै १८९८ रोजी सान हुआनच्या टेकड्यांवर चढाई करताना रूझवेल्टने हेच रिव्हॉल्व्हर हातात धरले होते. समोरून आलेल्या दोन स्पॅनिश सैनिकांवर त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक चुकली, एकाने माणूस पडला. आपल्या पुस्तकात त्याने ही हकिगत स्वतःच लिहिली आहे, आणि तिथे ते रिव्हॉल्व्हर कोणत्या नौकेतले व कोणी दिलेले हे सांगायला तो विसरलेला नाही. लढाईच्या ऐन धुमश्चक्रीचे वर्णन चालू असताना मेहुण्याचे नाव घालणारा लेखक मला तरी दुसरा आठवत नाही.

पुढे तो १९०१ साली अध्यक्ष झाला. १९०६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. शांततेचे पारितोषिक मिळालेल्या माणसाच्या घरी ते सान हुआनचे हत्यार जपून ठेवलेले होते, आणि यात त्याला काही विसंगत वाटले असेल असे मला वाटत नाही. रिव्हॉल्व्हरवर अक्षरे कोरलेली आहेत. एका बाजूला, हे बुडालेल्या ‘मेन’ युद्धनौकेतले. दुसऱ्या बाजूला लढाईची तारीख, जागा आणि रूझवेल्टचे नाव. पॅटनच्या खाचा आणि ही अक्षरे शेजारी ठेवून बघा. एकीत मोजदाद आहे, दुसरीत निदान बुडालेल्यांची दखल आहे. १९१९ च्या जानेवारीत रूझवेल्ट न्यूयॉर्कजवळच्या आपल्या सॅगमोर हिल या घरी वारला. पुढे ते घर राष्ट्रीय स्मारक झाले आणि रिव्हॉल्व्हर तिथे काचेच्या पेटीत गेले.

आणि तिथून ते दोनदा चोरीला गेले. १९६३ साली पहिल्यांदा; त्या वेळी ते आवारातच सापडले. १९९० साली पुन्हा गेले ते गेलेच. सोळा वर्षे पत्ता नाही. २००६ साली ते दूर फ्लॉरिडा राज्यात एका घरातून परत मिळाले आणि जूनमध्ये समारंभाने सॅगमोर हिलला पोचले. या सोळा वर्षांत ते कोणी विकले नव्हते. विकणार कसे? वर कोरलेली अक्षरेच त्याला विकू देत नव्हती. त्या अक्षरांमुळेच त्याला किंमत, आणि त्या अक्षरांमुळेच चोराला ते उघड्यावर काढायची चोरी. दुसऱ्याची आठवण पळवून नेता येते, पण ती वापरता येत नाही.

आपल्या देशातही असे एक हत्यार आहे, ते मात्र रिव्हॉल्व्हर नाही, आपोआप भरणारे पिस्तूल आहे. तेही कोल्टच्याच कारखान्यातले. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात चंद्रशेखर आझाद ज्या पिस्तुलाने अखेरपर्यंत लढले, ते जॉन नॉट-बॉवर या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने आपल्याजवळ ठेवले आणि निवृत्त होऊन विलायतेला जाताना बरोबर नेले. ज्याच्याशी लढलो त्याचे हत्यार जन्मभराची आठवण म्हणून न्यायचे, यात वैर किती आणि आदर किती, हे त्याचे त्याला ठाऊक. पुढे ते भारतात परत आले. आज ते त्याच बागेतल्या अलाहाबाद संग्रहालयात आहे.

हे झाले थोरामोठ्यांचे. त्यांच्या वस्तूंना संग्रहालय मिळते. साध्या घरातल्या हत्याराचे काय होते, ते मला तुम्हाला अधिक सांगायचे आहे, कारण तिथे खरा पेच पडतो.

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास हिंदी माणसाला बंदी केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. ही सल आपल्या लोकांच्या मनात फार दिवस होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना मात्र राहिला, आणि तो राहावा हे योग्यच आहे. या परवान्याची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परवाना हत्याराचा नसतो, माणसाचा असतो. जमीन वारसाच्या नावावर चढते तसे हत्यार आपोआप चढत नाही. मालकाने डोळे मिटले की त्या दिवसापासून घरात ते बेकायदा होते.

आमच्या साताऱ्याकडे फौजी माणसे घरटी. माझे थोरले मामा त्यांपैकीच एक. सुभेदार होऊन निवृत्त झाले. १९७१ ची लढाई ज्या मेजरसाहेबांच्या हाताखाली ते लढले, त्या साहेबांकडून मामांनी १९७४ साली रीतसर परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर घेतले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे, .३२ बोअरचे. साहेबांनी पैसे घेतले ते केवळ कागद पुरा व्हावा म्हणून, असे मामा सांगत. हे वेब्ली मोठे देखणे हत्यार असते. खटका दाबून मोडले की नळी पुढे झुकते आणि सहाही टोपणे एकदम बाहेर येतात; कोल्टसारखी एकेक करून काढत बसावी लागत नाहीत. पुढे परदेशी हत्यारांची खाजगी आयात बंद झाली तशी या जुन्या विलायती मालाची किंमत भलतीच चढली. मामांना कितीदा मागणी आली. ते विचारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावीत.

चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी ते कोणावर उगारले नाही. दर पंधरवड्याला ओसरीवर घोंगडी टाकून बसत. आधी चाक उघडून सहाही घरे रिकामी आहेत हे स्वतः पाहत आणि शेजारी बसलेल्या पोरालाही पाहायला लावीत. मग नळीतून चिंधी फिरवायची, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत. चामड्याचे म्यान ते निराळे, खुंटीला टांगीत. चामडे ओल धरते, आमच्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा, म्यानात ठेवलेले हत्यार गंजते. काडतुसे तिसऱ्याच ठिकाणी, कुलपात. खंडेनवमीला तेवढे पाटावर मांडून झेंडूचे फूल वाहायचे. शेजारच्या एका हौशी माणसाने एकदा आग्रह धरला, “सुभेदार, दसरा हाय, एक बार हवेत काढा की!” मामा म्हणाले, “काडतूस म्हंजी काय लवंगी फटाका वाटला व्हय?” (२०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, जत्रेत असा बार काढणे हा स्वतंत्र गुन्हाच झाला आहे, हे ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करायचा हुकूम निघे. तेवढे दिवस मामांना घर सुने वाटे. आठवड्याच्या बाजाराला गेले की ठाण्यात डोकावत आणि हवालदाराला विचारीत, “कोरड्या जागी ठिवलंय न्हवं?” हवालदारही ओळखीचा, तो म्हणे, “आबा, तुमचं हत्यार आमच्यापेक्षा सुखात हाय.”

२०१६ साली हत्यारांचे नवे नियम आले. त्यांत एक तरतूद मला फार माणुसकीची वाटते. परवानेदार सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने ते हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, तर तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. द्यायचा की नाही हे अर्थात सरकार तपासून ठरवते. पण पंचवीस वर्षे हा आकडा नियम करणाऱ्याने कुठून आणला असेल? पाव शतक एक वस्तू जवळ बाळगली की तिचा आणि माणसाचा काही संबंध जुळतो, हे कागदावर काम करणाऱ्या माणसालाही उमगले म्हणायचे. मी मामांना हा नियम वाचून दाखवला. ते त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचे. ऐकून घेतले, आणि म्हणाले, “जित्तेपणी दुसऱ्याच्या हातात कशापायी? माझ्यामागं बघा काय ते.”

त्यांच्यामागे बघायची पाळी २०१८ साली आली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. मामेभाऊ पुण्याला कारखान्यात नोकरीला. तो म्हणाला, “आबांची एवढीच निशाणी आहे. माळ्यावर राहू दे. कोणाला कळणार आहे?” धाकटा गप्प बसला, त्याच्या मनात किंमत होती, हे दिसत होते. मी कायदा सांगितला. विनापरवाना हत्यार घरात राहिले तर कैद आहे. विनाविलंब ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानेवाल्या दुकानदाराकडे जमा करायचे. मग वारसाला वाटले तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागावा, नाही तर रीतसर विकावे. मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होते. मामेभावाला ते पटेना. आठवण सरकारदरबारी न्यायची म्हणजे काय, असे त्याचे म्हणणे. आणि त्याचेही खरे होते. आबांच्या अंगठ्याने घोड्यावरची रेघ झिजली होती. ती झीज कुठल्या पावतीत लिहिणार?

मामी इतका वेळ उंबऱ्यात बसून होत्या. त्या म्हणाल्या, “बाळ, तुझ्या घरी दोन ल्हान पोरं हायती. आबा असते तर रोज उघडून बघत, आत काय हाय न्हाय ते. तू बघणार हायस का? माळ्यावर टाकलं की ते आबांचं ऱ्हात न्हाई. मग ते नुसतं पिस्तूल.”

त्यावर कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ परवान्याचे पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्यात गेलो, हत्यार आणि काडतुसे मोजून दिली, पावती घेतली. मामेभावाने परवान्यासाठी अर्ज करायचा विचार वर्षभर केला आणि सोडून दिला. शेवटी ते जिल्ह्याच्या गावच्या दुकानदाराला रीतसर विकले. पैसे मामींच्या नावे टाकले.

परवान्याचे ते पुस्तकही कचेरीत जमा झाले. त्याआधी मामेभावाने त्याची पाने बसून पाहिली. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का, आणि प्रत्येक शिक्क्याशेजारी मामांची सही. पहिली फौजी ऐटीची, तिरकी. शेवटची दोन अक्षरांतच संपलेली. म्यानाला परवाना लागत नाही. ते अजून ओसरीवर त्याच खुंटीला आहे, आणि मामी दिवाळीच्या आधी त्याला गोडेतेलाचा हात फिरवतात.